सतरा नंबरचा हापसा

आमच्या वन्संच्या खोलीत खिडकीवरच्या फळीवर एक राखाडी पेटी आहे. विटेएवढीच. मागून एक वायर, पुढे एक बारीक हिरवा दिवा. रोज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास तो दिवा लुकलुकतो आणि मी हातातलं काम टाकून तिकडे जाते. पहिल्यांदा तो लुकलुकताना पाहिला तेव्हा तो कशासाठी हेही मला माहीत नव्हतं. ते कसं बदललं हे सांगायचं तर वन्संविषयी सांगायला हवं. कारण पेटी त्यांची. त्यातला आवाज तेवढा माझा.

माझ्या लग्नात वन्सं अकरा वर्षांच्या होत्या. फ्रॉकमधल्या मुलीला अहो-जाहो करताना माझी जीभ अडखळायची आणि त्या खुदकन हसायच्या. दोन वर्षांत सासूबाई गेल्या. मग वन्संची वेणी, शाळा, ताप, रुसवे सगळं माझ्याकडे आलं, पण हाक बदलली नाही. मी त्यांना "वन्सं, तुम्ही" म्हणते, त्या मला "वहिनी, तू". त्यांचे भाऊ, म्हणजे आमचे हे, म्हणायचे, "ऐकणाऱ्याला वाटेल तीच तुझी सासू."

एकदा शाळेतून येऊन त्यांनी माझं शिलाई मशीन पार उघडून ठेवलं होतं. मी रागावले तर म्हणाल्या, "ते नीट बोलत नव्हतं." मशीन बोलतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. त्यांनी जोडून दिल्यावर मात्र त्याची खडखड खरंच गेली.

पुढे पाणीखात्यात हापसे दुरुस्त करणाऱ्या मिस्त्री म्हणून त्या लागल्या. खात्यातली एकटी बाई. सगळे त्यांना मिस्त्रीणबाई म्हणत, आधी चेष्टेनं, मग गरजेनं. त्यांची एक रीत होती. कुणाला तरी हापसायला लावायचं आणि आपण वाकून हापशाच्या लोखंडी अंगाला कान लावायचा. "वायसर गेलंय." "सळईचा जोड सैल आहे." "याला काही झालेलं नाही, तुम्हीच जरा दमानं हापसा." उघडल्यावर तेच निघायचं. अठरा वर्षं त्यांनी हे केलं. लग्नाचं विचारलं की हातातला पाना दाखवायच्या, "याला चालेल असा बघ."

अडतिसाव्या वर्षी त्यांनी अभ्यासाची रजा काढली आणि विद्यापीठात नाव घातलं. तंत्रज्ञान आणि आंतरराष्ट्रीय विकास, दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी. हे म्हणाले, "एवढं लांब नाव आहे, दोन वर्षं पाठ करण्यातच जातील."

मी विचारलं, "वन्सं, पण कशाला?"

"मी एक हापसा उघडते तोवर चार बिघडतात, वहिनी. आणि बिघडलाय हे आम्हाला महिन्यानं कळतं. बायका महिनाभर लांबून पाणी आणतात. कळायची काहीतरी सोय करायला हवी."

यात मला खोट दिसली नाही. आजही दिसत नाही.

त्यांचा वर्ग मी एकदा पाहिला. गोल टेबलं, भिंतभर पिवळे चिकटकागद, आणि सहा देशांतली तरुण मुलं, वन्संच्या निम्म्या वयाची. सगळ्यांच्या मांडीवर संगणक. वन्संच्या पायाशी मात्र त्यांची अवजारांची पिशवी होती, सवयीनं आणलेली. मार्गदर्शक बाई कापडी बूट घालणाऱ्या, बारीक अंगाच्या, बोलायला फार गोड. त्यांचा एक विषय होता, फसलेले प्रकल्प. उन्हावर चालणाऱ्या चुली, ज्यांत लोकांनी कोंबड्या ठेवल्या. गावाला दिलेली पिठाची गिरणी, जिचं एकच चाक फिरे. वन्सं घरी येऊन हे किस्से सांगायच्या आणि पोट धरून हसायच्या. "एकालाही वाटलं नाही की जाऊन विचारावं!" त्या विषयात वर्गात सगळ्यांत जास्त गुण त्यांनाच पडले.

त्यांचा स्वतःचा प्रकल्प असा होता. शहराबाहेरच्या वस्त्यांत बावीस हापसे निवडले. प्रत्येकावर त्यांनी आपल्या हातानं पिवळ्या रंगात हापशाचा क्रमांक आणि एक फोन नंबर रंगवला. हापसा बिघडला की कुणीही त्या नंबरवर फोन करायचा. पेटी फोन उचलणार, आवाज सांगणार: पाणी येत नसेल तर एक दाबा, पाणी घाण असेल तर दोन, दांडा मोडला असेल तर तीन. मग जे सांगायचं ते बोला. दर सोमवारी यादी खात्यात जाणार आणि मिस्त्री दुरुस्तीला निघणार.

आवाज कुणाचा घ्यायचा यावर वर्गात खल झाला. मुलांचे आवाज घेऊन पाहिले. बायका ऐकून फोन ठेवून द्यायच्या, म्हणायच्या स्टेशनवरची बाई बोलतेय. तेव्हा वन्संना मी आठवले.

माझ्या वहीत ती तारीख आहे. मी रोज चार ओळी तरी लिहिते, देवाला काय मागितलं आणि दिवसभरात काय चुकलं. त्या दिवशी लिहिलंय: "वन्संच्या यंत्रात बोलले. घसा खवखवत होता. तरी झालं एकदाचं." बाहेरचा आवाज नको म्हणून त्यांनी मला अंथरुणं ठेवायच्या कोठीत, गाद्या-रजयांच्या मधे उभं केलं होतं. शेवटचं वाक्य कागदावर होतं: "आपली तक्रार नोंदवण्यात आली आहे."

मी म्हटलं, "असं कोण बोलतं? माणूस अडचण सांगतंय आणि आपण नोंदवण्यात काय येतो?"

"मग काय म्हणशील?"

"म्हणेन, काळजी करू नका. आम्ही येतो."

वन्सं हसल्या. "म्हण."

मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी येऊन त्या म्हणाल्या की वर्गाला तेच वाक्य सगळ्यांत आवडलं. बायका आता फोन ठेवत नव्हत्या. हे म्हणाले, "जिला इतकी वर्षं गप्प बसवायचा प्रयत्न केला, तिला तू बावीस ठिकाणी बोलायला लावलंस."

आठ महिने प्रयोग चालला. अकरा हापसे त्या फोनमुळे वेळेवर दुरुस्त झाले, हे खरं आहे आणि ते विसरायचं नाही. वन्सं सुरुवातीला सगळीकडे फिरल्या. मग वेळ कमी पडायला लागला. मार्गदर्शक बाईंनी सुचवलं, आणि ते शहाणपणाचंच वाटलं, की जिथून फोन येत नाहीत तिथे जावं. जिथून येतात तिथे लोकांना जमलं आहे.

सगळ्यांत जास्त फोन सतरा नंबरच्या हापशावरून येत होते. म्हणून वन्सं सतराला पुन्हा गेल्याच नाहीत.

प्रबंधात एक नकाशा होता. प्रत्येक हापशाला एक हिरवं वर्तुळ, जितके फोन तितकं मोठं. सतराचं वर्तुळ एवढं मोठं होतं की शेजारचं सोळा त्याच्या आत गेलं होतं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या गृहस्थांनी त्यावर बोट ठेवून विचारलं, "इथून इतके का?"

"तिथे लोकांचा विश्वास बसला आहे," वन्सं म्हणाल्या.

पदवी मिळाली. महिन्याभरात एका परदेशी संस्थेचं पत्र आलं. हीच फोनची सोय तीन देशांत न्यायची, प्रमुख म्हणून वन्सं. तीन आठवड्यांत रुजू व्हायचं होतं. पत्रात नकाशाचं खास कौतुक होतं. मी ते पत्र देवापुढे ठेवलं, डोळे पुसले आणि त्यांच्यासाठी बॅग काढली.

विद्यापीठानं प्रयोगाचं सामान परत दिलं. त्यात ती पेटी होती. आता ती बंद करायची, पण आधी आतलं सगळं उतरवून घ्यायचं, असा नियम. वन्संनी ती फळीवर ठेवून वायर लावली. उतरायला दोन दिवस लागणार होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोली झाडायला गेले तर हिरवा दिवा लुकलुकत होता.

"वन्सं, हे काय होतंय?"

"कुणीतरी फोन केलाय."

"प्रयोग संपला ना?"

"नंबर हापशांवर आहेच अजून. लावतात सवयीनं."

"मग पेटी काय सांगते त्यांना?"

"तू सांगतेस ते."

माझ्या हातात झाडू होता. त्या खोलीत मी उभी होते आणि त्याच वेळी कुठेतरी कुणाच्या तरी कानात सांगत होते, काळजी करू नका, आम्ही येतो. आणि येणार कुणी नव्हतं. मी म्हटलं, "कोण आहे ते बघा तरी."

संगणकावर त्यांनी पाहिलं. सतरा. काल सतरा. परवा सतरा. रोज सहा-दहाला. ते सगळे फोन ज्या कप्प्यात जमा झाले होते त्यावर लिहिलं होतं, अपूर्ण.

"अपूर्ण म्हणजे?"

"ज्यांनी एक, दोन, तीन काहीच दाबलं नाही ते. काय बिघडलंय ते कळत नाही, म्हणून ते यादीत जात नाहीत. चुकून लागलेले असतात बहुतेक."

"पण नकाशात?"

नकाशात प्रत्येक फोन मोजला होता. मोजला होता, ऐकला नव्हता. वन्संनी पहिला फोन उघडला.

म्हाताऱ्या बाईचा आवाज होता, स्वच्छ आणि जरा संकोचलेला. "बाई, सतरा नंबरवरनं बोलते. दांडा जड झालाय. दहादा हापसलं की पाणी येतं. घाई नाही. सवडीनं या."

वन्संनी पुढचा लावला. मग पुढचा. आम्ही दोघी जमिनीवर बसून ऐकत राहिलो. चुलीवरचं दूध उतू गेल्याचा वास आला तरी मी उठले नाही.

"बाई, वीसदा हापसावं लागतं आता. पोरी कंटाळतात. मी सांगितलंय त्यांना, बाई येते म्हणालीय."

"बाई, गल्लीतले आज अर्ज घेऊन पाणीखात्यात निघाले होते. मीच थांबवलं. म्हटलं एकदा सांगितलंय, पुन्हा दुसरीकडे सांगितलं तर तिला वाईट वाटेल."

"बाई, सगळ्यांना नळ येणार म्हणे. ज्यांचे अर्ज गेले त्यांना आधी. आमचा गेला नव्हता. असू दे. तुम्ही आलात की बघू."

"बाई, तुमच्या घरी सगळं बरं आहे ना? येणं झालं नाही म्हणून विचारते. तुमचा घसा बसल्यासारखा वाटतो. गरम पाणी घेत जा."

इथे वन्संनी माझ्याकडे पाहिलं आणि मी त्यांच्याकडे. इतके महिने ती रोज तीच तीन-चार वाक्यं ऐकत होती आणि त्यांतली माझी घशाची खवखव तिला ऐकू आली होती. आमच्यापैकी कुणाला ऐकू आली नव्हती.

मग एका तारखेपासून बोलणं थांबलं. फोन येतच राहिले, पण त्यांत शब्द नव्हते. नुसता श्वास, आणि मागे हापशाच्या दांड्याची कुरकुर. बराच वेळ कुरकुर. मग फोन बंद. असे एकोणसत्तर.

वन्संनी शेवटच्या फोनला संगणक कानाजवळ धरला. कितीतरी दिवसांनी मी त्यांना तसं कान लावताना पाहत होते. त्या ओठांतल्या ओठांत मोजत होत्या. "एक्केचाळीस," त्या म्हणाल्या. "वायसर गेलंय, वहिनी. फक्त वायसर."

त्या दिवशी आम्ही दोघी निघालो. त्यांनी कोपऱ्यात पडलेली अवजारांची पिशवी उचलली, मी देवापुढे हात जोडले पण काय मागावं ते सुचेना. बसनं शेवटच्या थांब्यापर्यंत, पुढे पायी. वस्तीच्या तोंडाशी नव्या नळांचे निळे पाइप रांगेत उभे होते. पंधरा नंबरच्या गल्लीत नळ, सोळात नळ. सतरापाशी पाइप वळून दुसरीकडे गेला होता.

हापशापाशी दोन बायका होत्या. एक हापसत होती, दुसरी, गवंडीकामावरून आलेली, आपली पाळी येईपर्यंत अंगावरची धूळ पदरानं झटकत होती. पिवळा नंबर अजून ठळक होता. वन्संनी रंग चांगला लावला होता.

"कुणाकडे?" हापसणारीनं विचारलं.

"इथून रोज सकाळी फोन करतात त्या कुठे असतात?" वन्सं म्हणाल्या.

दोघी एकमेकींकडे पाहून हसल्या, पण ते हसणं चांगलं नव्हतं. गवंडीकामवाली म्हणाली, "सासूबाई आमच्या. का, तुम्हालाही बाईची गोष्ट ऐकायचीय? गल्लीनं ऐकून झाली. 'आली का गं तुझी बाई?' असं पोरंटोरं विचारायची त्यांना. नळ गेला तेव्हा तर लोक दारात येऊन बोलून गेले."

"त्यांनी बटण का नाही दाबलं?" वन्संनी विचारलं. आवाज अगदी हळू झाला होता. "एक, दोन, तीन?"

"मी सांगितलं होतं की. म्हणाल्या, बाई बोलत असताना मधेच टिकटिक बटणं दाबायची? बरं दिसतं का? तिचं बोलणं होऊ दे, मग मी बोलते. आणि बोलायच्या बिचाऱ्या व्यवस्थित, उभ्या राहून."

वन्सं खाली हापशाच्या ओट्यावर बसल्या. बावीस हापसे, सहा देशांतली डोकी, भिंतभर चिकटकागद, आणि एवढं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं की बोलणाऱ्या माणसाला कुणी मधेच तोडत नाही.

"आता का बोलत नाहीत?" मी विचारलं. मी तिथे पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं.

समोरच्या दारातल्या पायरीवर एक म्हातारी बसली होती. मघापासून बसलेली असावी, आमचं लक्ष नव्हतं. माझं वाक्य संपलं आणि तिची मान वळली.

"इथंच हापसताना पडल्या," सून सांगत होती. "अर्धं अंग गेलं, ते आलं परत. वाचा नाही आली. हापसून पडल्या असं नाही म्हणत मी. माणूस पडायचं तर कुठेही पडतं. पण फोन सोडला नाही. कानाला लावतात, ऐकतात, ठेवून देतात."

म्हातारी माझ्याकडे पाहत होती. मला काहीतरी म्हणायला हवं होतं. शब्द शोधत मी म्हटलं, "आजी, आम्ही..."

तिनं हात वर केला, थांब असा. पदराच्या गाठीतून छोटा फोन काढला. अंगठ्यानं सावकाश एक बटण दाबलं आणि कानाला लावला. डोळे माझ्यावरच. गल्ली शांत होती, दांडाही थांबला होता. त्या फोनमधून बारीक आवाजात, घसा खवखवत असलेली मी म्हणाले, काळजी करू नका. आम्ही येतो.

तिनं फोन खाली घेतला. मला जवळ बोलावलं. मी पायरीपाशी वाकले तशी तिनं तिची दोन बोटं माझ्या गळ्यावर ठेवली, ताप बघतात तशी, आणि तोंडानं न बोलता मानेनं खुणावलं: बोल. मी काय बोलले ते मला आठवत नाही. वहीतही नाही. बोटं मात्र अजून जाणवतात, देवाचं नाव घेताना सुद्धा.

मागे लोखंडाचा आवाज सुरू झाला होता. वन्संनी हापशाचं डोकं उघडलं होतं आणि सळया एकेक जोड सोडवून वर ओढत होत्या. सून एका बाजूनं धरू लागली. झिजून पानासारखं पातळ झालेलं वायसर निघालं. वन्संच्या पिशवीत नवं होतं. ते दोन वर्षं त्या पिशवीत होतं, वर्गात गोल टेबलाखाली सुद्धा. अडीच तासांत काम झालं. तिसऱ्यांदा दांडा हापसला तसं पाणी आलं.

सुनेनं फक्त भांडं पुढे केलं. आम्ही निघालो तेव्हा म्हातारी पाण्याकडे नाही, माझ्या तोंडाकडे पाहत होती.

परतीच्या बसमध्ये वन्सं म्हणाल्या, "तोंडी परीक्षेत मी खरं तेच सांगितलं, वहिनी. विश्वास बसलाय. ते खरंच होतं."

दुसऱ्या दिवशी त्या मार्गदर्शक बाईंना भेटायला गेल्या. त्यांचं बोलणं त्यांनी मला जसंच्या तसं सांगितलं. बाईंना खरोखर वाईट वाटलं होतं. म्हणाल्या, "तुझी पदवी कुणी काढून घेणार नाही. प्रत्येक प्रबंधात मर्यादांचं प्रकरण असतं. त्यात एक परिच्छेद वाढव."

"ती मर्यादा नाही बाई. ती म्हातारी आहे."

वन्संनी परिच्छेद नाही, चौदा पानं लिहिली. नकाशा पुसून नवा काढला. त्यात सतराला हिरवं वर्तुळ नव्हतं. ती पानं त्यांनी विद्यापीठालाही दिली आणि त्या संस्थेलाही पाठवली. संस्थेचं उत्तर फार सभ्य होतं. फार मोलाची माहिती दिलीत. यापुढे आम्ही अपूर्ण कॉल आधीच गाळून टाकू, म्हणजे आकडे शुद्ध राहतील. आपण ठरल्या तारखेला यावं.

ते पत्र त्यांनी दोनदा वाचून दाखवलं, जणू चुकीचं वाचलं असावं. मग ह्यांना म्हणाल्या, "दादा, बॅग माळ्यावर ठेव."

ह्यांनी बॅगेला हात लावला नाही. त्यांना बहिणीचा फार अभिमान होता, चार जणांत सांगून झालं होतं. "विचार केलास का नीट?"

"ऐकलं नीट. उशिरा ऐकलं."

त्यांनी बॅग माळ्यावर ठेवली.

रजा संपवून वन्सं पुन्हा पाणीखात्यात मिस्त्रीणबाई झाल्या. सतराच्या गल्लीचा नळाचा अर्ज त्यांनी स्वतः लिहून नेला. तो अजून दुसऱ्या यादीतच आहे. वर्गातली मुलं देशोदेशी गेली. त्यांतल्या एकानं जाताना फोनच्या सोयीची नक्कल नेली आणि आपलीच भाषा बोलणाऱ्या दुसऱ्या एका भागात ती चालू केली, असं वन्संना मागाहून कळलं. नवा आवाज घ्यायला त्याला वेळ नव्हता. वन्संनी त्याला तीन पत्रं लिहिली. उत्तर नाही.

म्हणजे कुठेतरी मी अजून सांगते आहे. कुठल्या हापशावर, कुणाला, मला माहीत नाही. बाजारात एखादी अनोळखी बाई माझं बोलणं ऐकून मागे वळली की मी बोलणं अर्ध्यावर टाकून पुढे निघते. रोज देवापुढे मी आधी त्यांच्यासाठी बसते, ज्यांना मी येते म्हणाले. पूर्वी दिवसाच्या चुका वहीत रोज नव्या असायच्या. आता पहिली ओळ तीच असते.

पेटी वन्संनी बंद केली नाही. आतला माझा आवाज काढून टाकला आणि तिला साधा फोन जोडला, माणसानं उचलायचा. दिवसभर आलेले मी घेते, संध्याकाळी त्या घेतात. अपूर्णच्या कप्प्यातलेही त्या रोज थोडे ऐकतात. सहाशेच्या वर आहेत. काही नंबर आता लागत नाहीत. ते त्या तसेच ठेवतात.

आणि सकाळी सहा-दहाला सतराचा येतो. मी उचलते, म्हणते, "आजी, मी आहे. ऐकते आहे." पलीकडे श्वास. मग दांडा. एक, दोन, तीन, आणि भांड्यात पाणी पडल्याचा आवाज. मग फोन बंद. तीन वर्षांत एवढंच आमचं बोलणं.

गेल्या मंगळवारी मी नेहमीसारखी उचलून उभी राहिले. एक, दोन, तीन. पाणी नाही. चार. पाच. मला वाटलं मोजण्यात चुकले. वन्सं चहाचा कप हातात घेऊन दारात थांबल्या होत्या. सात. आठ. मी फोन त्यांच्या कानाला लावला. नवव्याला पाणी आलं, पण फोन बंद झाला नाही. पलीकडे श्वास तसाच होता. वाट बघत.

"झिजलं परत," वन्सं हळूच म्हणाल्या आणि फोन माझ्या हातात दिला. पिशवी दाराशीच होती. चप्पल घालता घालता त्यांनी मला खूण केली, सांग.

मला 'आम्ही येतो' हे वाक्य नको होतं. तीन वर्षांत मी ते कुणालाही म्हटलं नव्हतं, घरच्यांनाही नाही. मी खिडकीतून खाली पाहिलं. वन्सं फाटकाबाहेर पडल्या, बसथांब्याच्या दिशेनं वळल्या, बस आली, त्या चढल्या. तोवर मी फोन कानाला धरून गप्प होते आणि पलीकडची म्हातारीही थांबून होती.

बस निघाल्यावर मी म्हटलं, "आजी, त्या निघाल्या."